उणे एक छेद बारा: एका फॉरवर्डची उलटतपासणी

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की सांगली-मिरजेच्या क्लासच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "१ + २ + ३ + ४ + … अशी अनंतापर्यंत बेरीज केली तर उत्तर −१/१२ येतं. रामानुजननी ते सिद्ध केलंय आणि प्रयोगशाळेतही ते खरं ठरलंय." खाली तीन ओळींची सिद्धताही असते. −१/१२ हा आकडा थापेबाजी नाही, त्याला गणितात मानाची जागा आहे. पण तो या संख्यांची बेरीज नव्हे.

आधी सिद्धता बघू. पहिली ओळ म्हणते, १ − १ + १ − १ + … = १/२. दुसरी म्हणते, ब = १ − २ + ३ − ४ + … = १/४. ब ची बेरीज पद धरून करत गेलं तर १, −१, २, −२, ३, −३ असे आकडे येतात. ते कुठेच ठरत नाहीत. चेझारो या गणितज्ञाची सरासरीची रीत पहिलीला १/२ देते, आबेल या गणितज्ञाची रीत दुसरीला १/४ देते. त्या रीती रीतसर आहेत, एवढं मान्य करून पुढे जाऊ, कारण खरी गोम तिसऱ्या ओळीत आहे.

तिथे स = १ + २ + ३ + … धरून स मधून ब वजा करतात. उरतं ० + ४ + ० + ८ + ० + १२ + …. मग शून्यं गुपचूप गाळून "हे तर ४स झालं" म्हणतात, आणि स − १/४ = ४स वरून स = −१/१२. आता हेच पहिली सहा पदं घेऊन करा. स = २१, ब = −३, वजाबाकी २४. हे २४ म्हणजे ४ × (१ + २ + ३). म्हणजे उजवीकडचा 'स' तीनच पदांचा आहे, डावीकडचा सहा पदांचा. शंभर पदं घेतली तर ५०५० + ५० = ५१००, म्हणजे ४ × १२७५, आणि १२७५ ही पहिल्या पन्नास पदांची बेरीज. दोन वेगळ्या लांबीच्या बेरजांना एकच नाव दिलं, तिथे घोळ झाला.

शून्यं घालायची-काढायची मुभा असेलच तर आणखी एक गंमत करता येते. स च्या खाली ० + १ + २ + ३ + … लिहा. तोही स च. वजा केल्यावर १ + १ + १ + … = ०. या नव्या श्रेणीखाली पुन्हा ० + १ + १ + … लिहून वजा करा: १ = ०. पदं सरकवायची आणि रांगेने वजा करायची सूट देणारी कोणतीच रीत या श्रेणीला आकडा देऊ शकत नाही, ती याचमुळे.

"रामानुजननी सिद्ध केलं." २७ फेब्रुवारी १९१३ च्या पत्रात त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना हे समीकरण कळवलं खरं, पण 'माझ्या सिद्धांतानुसार' असं स्पष्ट म्हणून, हे ऐकून तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवाल, असंही वर लिहिलं. त्यांचा भर श्रेणीच्या 'स्थिरांका'वर, म्हणजे बेरजेवर नव्हे तर श्रेणीशी जोडलेल्या एका ठरावीक आकड्यावर होता. ऑयलर हा गणितज्ञ अठराव्या शतकातच या आकड्यापाशी पोचला होता. झीटा फलन म्हणजे १, २, ३, … यांचा एकच घात घेऊन त्यांच्या व्यस्तांची केलेली बेरीज; घातांक −१ ठेवला की ती कागदावर १ + २ + ३ + … दिसते. १८५९ मध्ये गणितज्ञ रीमानने या फलनाचा जो विस्तार मांडला, त्याची −१ पाशी किंमत −१/१२ येते. पण झीटाचं बेरजेचं सूत्र घातांक १ पेक्षा मोठा असेल तरच लागू पडतं.

"प्रयोगात खरं ठरलं." बोट असतं ते कॅसिमिर परिणामाकडे. १९४८ चं हे भाकीत दोन समांतर धातुपट्ट्यांमधल्या ओढीबद्दल आहे. त्या ओढीच्या सूत्रात छेदात येणारा २४० हा आकडा १ + २ + ३ + … शी जोडलेला नाहीच. तो घनांच्या श्रेणीला (१ + ८ + २७ + …) झीटा फलन देतं त्या १/१२० या किमतीशी जोडलेला आहे. शिवाय हिशेबात पट्ट्यांच्या आतली आणि बाहेरची ऊर्जा यांतला फरक घेतात, त्यात अनंत भाग कटतो.

मग −१/१२ दिसतो कुठे? एक्सेल उघडा. 'ए' रकान्यात १ ते ३०० लिहा. शेजारी प्रत्येक संख्येला ई च्या (गणितातला सुमारे २.७१८ हा स्थिर आकडा, एक्सेलमध्ये EXP) (−०.१ × ती संख्या) या घाताने गुणा आणि सगळ्याची बेरीज घ्या: ९९.९१६७. म्हणजे १०० उणे ०.०८३३, आणि ०.०८३३ म्हणजेच १/१२. ०.१ च्या जागी ०.०१ घातलं आणि ३००० ओळी घेतल्या तर ९९९९.९१६७. मोठा आकडा फुगत जातो, −१/१२ तेवढा जागेवर राहतो. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याचं वजन सोडून बारदानाचंच वजन पट्टीवर लिहावं, तसं फॉरवर्डने केलंय.

हा गुणक बदलून ई चा घात −(संख्येचा वर्ग ÷ १००) घेतला तर बेरीज ४९.९१६६ येते, मोठा भाग ५० झाला, शेपूट जवळपास तेच. मात्र एक्सेलमध्ये वर्गाला स्वतंत्र कंस घाला. नाहीतर ते उण्याचं चिन्ह आधी लावून मग वर्ग करतं, घात धन होतो आणि बेरीज भलतीकडेच जाते.