तीन मिरच्या

मंगळवारी मी सकाळी लवकर आंघोळ उरकून ओटीवर येऊन बसतो. चहा झाला तरी उठत नाही. फाटकाचं बेडं वाजलं की मान वळते, कुणी हाक मारली की दचकतो. आईची समजूत अशी की मुलाला उशिरा का होईना, गणपतीची ओढ लागली. दर मंगळवारी ती परसातलं एक जास्वंदीचं फूल माझ्या हातात ठेवते आणि मी ते निमूटपणे देव्हाऱ्यात वाहतो. काय सांगणार? अमेरिकेतले प्रकाशक नवी पुस्तकं मंगळवारी बाजारात आणतात, हा त्यांचा जुना शिरस्ता. आणि तिकडच्या नव्याकोऱ्या प्रेमकादंबऱ्यांवर आपल्या मुलाचा जीव जडलाय, हे ८२ वर्षांच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझं वय ५४. आगरात चारेकशे पोफळी, थोडे माड आणि पाहुण्यांना भाड्याने द्यायला दोन खोल्या. राहणं गुहागरात, खालच्या पाटाला. अशा माणसाने शेतीचं मासिक चाळावं, निवडणुका आल्या की पेपर वाचावा आणि दुपारी तोच तोंडावर घेऊन झोपावं, एवढीच गावाची अपेक्षा असते. मीही ती बरीच वर्षं पुरी केली.

मग एका डिसेंबरात पुण्याचे पाहुणे खोली सोडून गेले आणि उशीखाली एक पुस्तक राहिलं. परत पाठवावं म्हणून पत्ता शोधायला उघडलं. पानापानांत समुद्राची वाळू. पत्ता कुठेच नव्हता, पण पहिल्याच पानावर एक बाई एका उंच माणसाच्या सदऱ्यावर कॉफी सांडत होती. माझं इंग्रजी बी. कॉम.पुरतं. तरी रात्री दोन वाजता मी शेवटच्या पानावर होतो आणि मांडीवर चमचाभर वाळू जमली होती. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा फोन आला, तेव्हा ‘नाही हो, काही सापडलं नाही’ असं मी सांगितलं. पंधरा वर्षांच्या धंद्यातली माझी ही एकमेव चोरी.

‘‘अहो, पहिल्या पानावर कळतं ना दोघांचं जमणार ते? मग पुढची तीनशे पानं कशाला?’’ असं बायको विचारते. आता, आत काय आहे ते माहीत असतं म्हणून कुणी उकडीचा मोदक खायचा सोडतो का? या पुस्तकांचा करारच तो आहे. शेवट गोड. मधे काय वाटेल ते होवो, शेवट गोड. नाही तर खऱ्या गोष्टी आमच्या जिल्ह्यातही काही कमी नाहीत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्या थोरल्या राजकन्येचं मन वाड्यावरच्या दरवानावर बसलं. राजकन्या आणि दरवान! प्रकाशकांनी पाय धरले असते. पण दरवानाला घरी आधीच बायको होती, आणि राजकन्येचे शेवटचे दिवस रत्नागिरीतच हलाखीत गेले. असलं वास्तव मला रात्री झोपताना नको असतं.

बरं, जुनी पुस्तकं का चालत नाहीत? कॉलेजात मुली वहीत दडवून मिल्स अँड बून वाचायच्या. ती कंपनी १९०८ साली लंडनात निघाली तेव्हा सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायची. निव्वळ प्रेमाचं दुकान ती नंतर झाली. तशी दोन-चार मी रद्दीतून आणून पाहिली. नायक घमेंडखोर, गडगंज आणि बाईच्या दंडाला धरून ओढणारा. आताचा नायक भांडी घासतो, समुपदेशकाकडे जातो आणि चुकला तर सलग दीड पान माफी मागतो. आमच्याकडे नवऱ्याची माफी म्हणजे न सांगता दोन नारळ सोलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवणे. बायकोला ती भाषा कळते. तरी ते दीड पान वाचल्यावर मला वाटलं, माणसाने तोंडानेही कधी बोलावं. एकदा बोलून पाहिलं. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

यातले प्रकारही ठरलेले असतात आणि वाचकांना ते नावानिशी पाठ असतात. आधी हाडवैर, मग प्रेम, तो ‘एनिमीज टू लव्हर्स’. लोकांना दाखवायला खोटं जमवायचं आणि ते खरं होऊन बसतं, ते ‘फेक डेटिंग’. एक कायम आंबट तोंडाचा आणि एक कायम हसतमुख असली की ‘ग्रम्पी-सनशाईन’. आमचं घर या तिसऱ्या प्रकारात मोडतं. फक्त त्यातलं हसतमुख कोण, यावर घरात एकमत नाही.

खरा छळ पुस्तक हातात पडेपर्यंतचा. मी महिनाभर आधी नोंदणी करून ठेवतो. पुस्तक निघालं की फोनवर येतं, ‘तीन दिवसांत घरपोच’. यातले ‘तीन दिवस’ आणि ‘घरपोच’ हे दोन्ही शब्द कोकण न पाहिलेल्या माणसाने लिहिलेले आहेत. पुस्तक मुंबईहून निघतं, परशुराम घाट उतरून चिपळूणला येतं आणि तिथे त्याला हवा मानवते. चार दिवस मुक्काम. पुढचे पंचेचाळीसेक किलोमीटर यायला आणखी तीन. पाऊस असला तर कुरिअरचा पोरगा आमच्या पाणंदीत शिरत नाही. नाक्यावरच्या खताच्या दुकानात टाकून जातो. दुकानदार ते युरियाच्या पोत्यांमागे सुखरूप ठेवतो आणि चार गिऱ्हाइकांसमोर ओरडतो, ‘‘भाऊ, तुमचं ते आलंय हो!’’ माझ्या निम्म्या नायिकांना युरियाचा वास येतो. घरी आणल्यावर ओलसर पुस्तक चुलीच्या वैलाच्या कडेला शेकत ठेवायचं, मग पानं वर वळतात म्हणून रात्रभर पाट्याखाली दाबायचं. सकाळी ते वाचण्याजोगं होतं, पण त्याला नवं कोण म्हणेल?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा माझी दोन पुस्तकं तिथल्या गोदामात होती. चौकशी केली नाही. माणसं छपरांवर बसून होती. महिन्याभराने त्या पुस्तकांचे पैसे आपोआप खात्यात परत आले आणि उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

दुसरी भानगड मुखपृष्ठांची. पूर्वी या पुस्तकांवर सदऱ्याची बटणं तुटलेला पुरुष असायचा. ते एका दृष्टीने प्रामाणिक होतं. आत काय आहे ते बाहेर कळायचं. हल्ली गुलाबी नाही तर पिवळ्या रंगावर कार्टूनसारखी दोन माणसं हाताची घडी घालून उभी असतात. मे महिन्यात शेजारच्या वहिनींची नात मुंबईहून आली होती. पाचवीतली. वहिनी गडग्यापलीकडून म्हणाल्या, ‘‘भावजी, ते गुलाबी पुस्तक द्या ना हिला. जरा इंग्रजी सुधारेल.’’

मी पुस्तक पाठीमागे घेतलं. ‘‘ओलं झालंय, वहिनी.’’

‘‘उन्हात घालते.’’

‘‘फाटलंयही.’’

‘‘चिकटवून देते हो.’’

शेवटी ‘‘माझं व्हायचंय अजून’’ असं खरं बोलून टाकलं. वहिनींनी माझ्याकडे एकदा आणि त्या कार्टूनकडे एकदा पाहिलं. तेव्हापासून वाडीत माझ्याशी सगळे जरा हळू आणि स्पष्ट बोलतात.

नुकसान म्हणाल तर तेही सोसलंय. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारावं लागतं. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळं कालवायचं, मग एकत्र करायचं, कोयत्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. आणि तयार झालं की त्याच दिवशी संपवायचं, शिळं चालत नाही. गेल्या जुलैत चार दिवसांनी उघाड मिळाली. गडी महामुश्किलीने मिळालेला. मी मिश्रण केलं, पातं बुडवलं, पातं स्वच्छ निघालं. गडी येईपर्यंत एकच प्रकरण वाचू म्हणून पडवीत बसलो. पुस्तक पाऊण झालं होतं. पुस्तक पाऊण झालं की दोघांचं हमखास बिनसतं आणि ते बिनसणं अर्धवट टाकून उठता येत नाही. गडी पोफळीच्या शेंड्यावरून ओरडत होता, ‘‘भाऊ, औषध सोडा वर!’’ मला ऐकू येत नव्हतं असं नाही. पण नायिका विमानतळावर उभी होती आणि तो अजून आला नव्हता. तो आला, तिने त्याला माफ केलं, मी डोळे पुसून वर पाहिलं, तर आभाळ भरून आलेलं. शंभर लिटर निळं पाणी संध्याकाळी ओतून दिलं. बायको काही बोलली नाही. मी सहा नारळ सोलले.

आणि त्या वानराची गोष्ट सांगायलाच हवी. या कादंबऱ्यांत एक लाडका प्रसंग असतो. दोघे प्रवासाला निघतात, वादळ येतं, लॉजमध्ये एकच खोली उरलेली आणि खोलीत एकच पलंग. ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा पुण्याच्या एका कंपनीतले दोघे आमच्याकडे आले. मुलगा आणि मुलगी, खोल्या दोन. संध्याकाळी वानर कौलांवरून गेले, एका खोलीची सात-आठ कौलं फुटली आणि वरून सर आली. गादी भिजून लगदा. उरली एक खोली, एक खाट. माझ्या अंगावर काटा आला. लेखकांना यासाठी हिमवादळं आणावी लागतात. आमच्याकडे वानरांनी भागवलं.

मी होईल तेवढा गंभीर चेहरा करून म्हटलं, ‘‘आता एकच खोली शिल्लक आहे.’’

मुलीने मुलाकडे पाहिलं. मुलाने फोनकडे पाहिलं. तेवढ्यात माजघरातून आई म्हणाली, ‘‘एकच खोली तर एकच. ती झोपेल खोलीत, तो झोपेल पडवीत. घोंगडं देते. डासांना धुरी करते. त्यात काय एवढं?’’

दोनशे वर्षांचं इंग्रजी प्रेमवाङ्मय आईने एका घोंगड्यात गुंडाळलं. रात्री मी दोनदा पाणी प्यायच्या निमित्ताने उठून पाहिलं. तो घोरत होता. सकाळी म्हणाला, ‘‘काका, अशी झोप वर्षभरात लागली नव्हती.’’ मुलीने घावने खाता खाता सांगितलं की तिचं डिसेंबरात लग्न आहे. दुसऱ्याशी.

आता मिरच्यांकडे येतो. पुस्तकात शृंगार किती, हे या वाचकांच्या गोतावळ्यात मिरच्यांनी मोजतात. एक मिरची म्हणजे हातात हात. पाच म्हणजे घरात मुलं झोपल्यावर वाचायचं. मीही टिपणं ठेवतो, पण वेगळी वही घेतली तर चौकशी होते, म्हणून पाहुण्यांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितो. गेल्या महिन्यात एक वाचून झाल्यावर लिहिलं: ‘सुरुवात बेताची. मध्यावर चव येते. मिरच्या तीन, शेवटी शेवटी चार. दोन रात्री झोप नाही.’

त्यानंतर आमच्या जेवणाची चव गेली. डाळिंब्यांच्या उसळीत तिखट नाही, आमटी नुसती गोड, चटणीला रंग नाही. मला वाटलं, वय झालं, जिभेचा दोष. पाचव्या दिवशी पाहुण्यांतल्या एका काकांनी विचारलं, ‘‘वहिनी, थोडं तिखट मिळेल का?’’

‘‘नको हो,’’ बायको म्हणाली. ‘‘आधीच्या पाहुण्यांची तक्रार आहे. दोन रात्री झोप नाही बिचाऱ्यांना.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘अहो, कुठले हो ते?’’

‘‘बोस्टनचे,’’ मी बोलून गेलो.

‘‘तरीच!’’ ती म्हणाली आणि आत गेली.

रात्री वही उघडली. माझ्या टिपणाखाली तिच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ होती: ‘चूक झाली. यापुढे मिरची बेताने घालू.’

तेवीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिली लेखी माफी, आणि तीही बोस्टनच्या माणसाकडे. मी वही मिटली, परसात गेलो आणि विजेरीच्या उजेडात चार नारळ सोलले. आणून स्वयंपाकघरात ठेवले. ती भांडी पालथी घालत होती. तिने नारळ मोजले आणि पदराला हात पुसत माझ्याकडे वळली.

‘‘आता काय केलंत?’’