ती ‘चिमणी’ साधी नाही
तुमचा लेख आवडला, पण अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार तिएपोलो याच्या ‘मॅडोना ऑफ द गोल्डफिंच’ या मेरी आणि बाळ येशूच्या चित्राबद्दल ‘बाळ एका चिमणीशी खेळत आहे’ एवढंच म्हणून तुम्ही पुढे गेलात, ते खटकलं. अहो, त्या चित्राचा सगळा जीव त्या पाखरात आहे! गोल्डफिंच या छोट्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर लाल डाग असतो आणि तो काटेरी झुडपांच्या बिया खातो. इटालियनमधलं त्याचं ‘कार्देल्लिनो’ हे नाव काटेरी झुडपाच्या ‘कार्दो’ या शब्दावरूनच आलंय. लोककथा अशी की, येशूला क्रूसावर चढवताना त्याच्या डोक्यावर असलेल्या काटेरी मुकुटातला एक काटा या पाखरानं चोचीनं उपटला, तेव्हा रक्ताचा थेंब त्याच्यावर पडला. म्हणजे बाळाच्या मुठीत पुढचं मरण आहे. राफाएल या चित्रकारानं हेच पाखरू जवळजवळ अडीचशे वर्षं आधी रंगवलं होतं, त्यामुळे तिएपोलोच्या काळी प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागत नसणार.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत मी हे चित्र पाहिलं तेव्हा मलाही आधी चिमणीच वाटली होती. शेजारी लेक होती, तिनं कथा सांगितली. मग परत बघवेना, आणि हलवतही नव्हतं. चित्र तसं लहानच, जेमतेम दोन फूट उंच. भव्य छतं रंगवणारा तिएपोलो आयुष्याच्या अखेरीस माद्रिदमध्ये होता आणि १७७० साली तिथेच वारला. हे काम त्याच्या शेवटच्या वर्षांतलं मानतात. बाकी तुमचं रंगांविषयीचं निरीक्षण अगदी पटलं.