सांगली चालेल, लेस्टर नको

परवा शनिवारी सकाळी इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या घरी चहा घेऊन बसलो, जुन्या शिलाई मशीनवाल्यांच्या एका अमेरिकन कट्ट्याची लिंक उघडली आणि पांढऱ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या. तुम्ही युनायटेड किंग्डममधून आलेले दिसताय, तुमच्याकडच्या नव्या कायद्यामुळे आम्ही तुम्हाला आत घेऊ शकत नाही, क्षमस्व. बास. मी काय केलंय, कुणाला शिवी दिलीय का, काही नाही. देशासकट बाहेर.

आता मशीनचं सांगतो. चॅरिटी शॉपमधून १५ पौंडाला उचललेलं, हाताने फिरवायचं सिंगर २८के. काळं, सोनेरी नक्षी अर्धी पुसलेली, वर लाकडी घुमटासारखं झाकण, आणि आत गोल बॉबिनऐवजी होडीच्या आकाराचं लांबुळकं शटल. दिसायला राणी, पण चार टाके नीट मारणार आणि पाचवा गुल. यातला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकचा कारखाना. १८८५ला सुरू झाला, १९८०ला बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही सिंगरच आहे. म्हणजे मशीन ब्रिटनमध्ये बनलेलं, आणि त्या मशीनबद्दल बोलायला ब्रिटनमधल्यांनाच बंदी. सोलापुरी चादरीच्या मंडळातून सोलापूरवाल्यांना काढल्यासारखं झालं हे!

कायदा म्हणजे ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट, २०२३चा, लोकांना आणि खास करून मुलांना इंटरनेटवर जपायला केलेला. मार्च २०२५पासून, लोक जिथे एकमेकांशी बोलतात अशा प्रत्येक साइटच्या मालकाने आपल्याकडे बेकायदा काय काय घडू शकतं याची लेखी तपासणी करायची. त्यात १७ प्रकार आहेत. दहशतवाद, ड्रग्ज, माणसांची तस्करी, बंदुका, सुऱ्या. शिलाईवाल्यांच्या कट्ट्यावर फार तर कात्र्या निघतील. तिथलं सगळ्यात हिंसक भांडण मशीनला कुठलं तेल घालावं यावरून झालेलं आहे. पण दंड वाचा, जास्तीत जास्त १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. कट्टा चालवणारा एक रिटायर्ड माणूस, सर्व्हरचे पैसे पेन्शनमधून भरतो. त्याने सतरा तक्ते भरत बसायचं की कुलूप लावून मोकळं व्हायचं? त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, मुलांना जपायचा कायदा चुकीचा असंही म्हणवत नाही, मलाही एक मुलगी आहे. राग येतोय तो येतोयच, फक्त तो कुणावर काढावा ते कळत नाहीये.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये हो. पुण्यात होतो तेव्हा एका फाउंटन पेनवाल्यांच्या साइटने भारतातून स्पॅम फार येतो म्हणून अख्खा भारत बंद केला होता. मग जर्मनीत गेलो, तर मे २०१८ला जीडीपीआर, म्हणजे लोकांची खाजगी माहिती जपायचा युरोपचा कायदा, आला आणि कितीतरी अमेरिकन पेपरं युरोपला उघडेनाशी झाली. मी जाईन तिथला देश ब्लॉक होतो, मला आता पनवती म्हणा. इथे राहायला मिळावं म्हणून व्हिसाची फी, वर सरकारी दवाखान्यांसाठी वर्षांच्या हिशेबाने हेल्थ सरचार्ज, इंग्रजीची परीक्षा, सगळं केलं, आणि एवढे लाखो रुपये मोजून काय मिळवलं तर शिलाई मशीनच्या कट्ट्यावर नो एंट्री.

बायकोला म्हटलं, व्हीपीएन घेऊ का, म्हणजे साइटला मी दुसऱ्याच देशातून आलोय असं वाटेल. तर म्हणाली, "सध्या लोक व्हीपीएन कशासाठी घेतायत माहितीये ना? 'तसल्या' साइटवर वय दाखवावं लागू नये म्हणून. आणि तू सगळ्यांना सांगणार, शिलाई मशीनसाठी घेतला." विषय तिथेच मिटला.

मग आईला फोन लावला. आई सांगलीत. चाळीस वर्षं तिने घरी ब्लाउज शिवलेत, पण माझं डोकं बघा, मी तिला मशीनबद्दल विचारलंच नाही, साइट उघडते का ते विचारलं. उघडली. लगेच. तिने अकाउंटसुद्धा काढलं. "आता काय लिहू?" म्हटलं लिही, सिंगर २८के, पाचवा टाका सुटतो, काय करू.

पंधरा मिनिटं झाली तरी काही नाही. "लिहिलंस का?"

"थांब की जरा. इथे ओहायोच्या एक बाई आहेत, त्यांच्या मिस्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आधी चौकशी नको का करायला? आल्या आल्या कामाचंच बोलायचं?"

"आई, त्या तुला ओळखत नाहीत."

"आता ओळखतात की."

अर्ध्या तासाने कळलं की आईने नमस्कार घातलाय, स्वतःच्या पायमशीनचा फोटो टाकलाय, वर फुलाफुलांचं कव्हर, मागे गणपती, आणि त्याला छत्तीस बदाम आलेत. माझ्या मशीनचं नाव नाही. शेवटी एकदाचं तिने बोलून टाइप करत लिहिलं की मुलाचं मशीन नीट चालत नाही. ओहायोवाल्या बाईंनी विचारलं, टेन्शन कसं आहे? आईने उत्तर दिलं, टेन्शन आहेच, घराचं कर्ज आहे, मुलगी लहान आहे, वजनपण कमी झालंय.

"आई! दोऱ्याचं टेन्शन विचारतायत!"

"मग तसं नीट विचारायला नको त्यांनी? मशीनचं टेन्शन मला कळत नाही होय? मला वाटलं माणूस कसाय विचारतायत, चांगल्या आहेत बाई."

तोपर्यंत टेनेसीच्या एका आजोबांनी माझी खुशाली विचारली होती आणि कुणीतरी कर्ज लवकर फेडायचा सल्ला दिला होता. हे सगळं माझ्याबद्दल चाललंय, आणि मी लेस्टरच्या स्वयंपाकघरात बसून आईच्या कॅमेऱ्यातून तिच्या टॅबलेटचा कोपरा बघतोय. मध्येच तिचा अंगठा यायचा. एकदा वीस मिनिटं नुसतं छत दिसत होतं, कारण दारात भाजीवाला आला होता.

संध्याकाळी उत्तर आलं म्हणे. यूकेतच सुटे भाग छान मिळतात, तिथल्या कुणा सभासदाला विचारा. आईने त्यांना लिहिलं, तिथला सभासद माझाच मुलगा आहे, त्याला तुम्ही आत घेत नाही. त्यावर सगळ्यांना फार वाईट वाटलं. एकवीस रडके चेहरे आले. आत मात्र कुणी घेतलं नाही.

तेव्हापासून ती रोज जाते तिथे. काल तिने बाह्यांची कटिंग समजावून सांगितली आणि चार जणींनी करून बघून फोटो टाकले. मला फॉरवर्ड करते. मी फोटोवर टॅप करतो, लिंक उघडते, पांढरा स्क्रीन येतो, क्षमस्व.

रात्री फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ते सगळं राहू दे, सुई उलटी नाही ना बसवलीस? सपाट बाजू बघ की एकदा."

बघितली नाहीये अजून. निदान रविवारपर्यंत तरी बघणार नाही.