बायोडेटात ‘सावळी’ लिहू नये, त्याविषयी

घरात लग्नाची मुलगी आहे? मग हे वाचाच. परवा भाचीचा बायोडेटा घेऊन वधूवर मंडळात गेले होते. तिथल्या बाईंनी लाल पेनाने माझी शिकवणीच घेतली. ते ज्ञान फुकट वाटते आहे.

‘वर्ण’ या रकान्यात ‘सावळा’ कधीही लिहू नये. सावळा फक्त विठोबा. मुलीसाठी ‘गव्हाळ’, तेही खुपत असेल तर ‘निमगोरी’. गहू लोकवन की खपली, ते कोणी विचारत नाही.

फोटोवाल्याला ‘जरा उजळ करा’ म्हणावं. आमच्या फोटोत चेहरा उजळला, कान तेवढे घरच्या रंगाचे राहिले.

संस्कृत येत असेल तर गप्प बसावं. मी बसले नाही. म्हटलं, अहो, कालिदासाच्या यक्षाची बायको ‘श्यामा’च होती की! कालिदासाचा जुना टीकाकार मल्लिनाथ, त्याने त्या शब्दाचा अर्थ सरळ ‘तरुणी’ असा दिलाय. एका जुन्या श्लोकातली श्यामा तर थंडीत उबदार, उन्हाळ्यात गार, आणि कांती तापवलेल्या सोन्यासारखी. बाई म्हणाल्या, “सोन्याचं बैठकीत बोलू, आधी रंगाचं बघा.”

रंगाखाली स्वभावही लिहून टाकावा, कारण विचारणारच. एका मुलाच्या आईचा फोन आला: “सावळी आहे म्हणता, पण स्वभावाने शांत असेल ना?” हा ‘पण’ कुठून आला हो? सावळीने सोशीक असायचं, मनमिळाऊ असायचं, रंगाची भरपाई जन्मभर हप्त्याहप्त्याने करायची. गोरीने नाक मुरडलं तर ते तिला शोभून दिसतं! आणि मुलगा शांत निघाला तर? ‘शामळू’! ऐकायला श्यामच्याच घरातला शब्द, पण देव असला की मेघश्याम, जावई असला की मेंगळट. सुनेत जे हवं तेच मुलात दिसलं की हसायचं. कारभार फसला की सावळागोंधळ म्हणायचं. गोरागोंधळ कधी ऐकलात? गोऱ्यांच्या वाट्याला आलं काय, तर फजिती झाल्यावर ‘गोरामोरा’ होणं. तेवढंच.

२०२० साली त्या प्रसिद्ध क्रीमने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. तुम्हीही ‘गोरी हवी’ म्हणू नका, ‘प्रसन्न हवी’ म्हणा.

मुलाचा रंग विचारू नये. तो इंजिनिअर असतो.

भाचीने तो लाल रेघोट्यांचा कागद वाचला आणि विचारलं, “मावशी, हा कुणाचा बायोडेटा?” माझी मान खाली गेली. फोटो उजळ करा, असं मीच तर सांगितलं होतं.

मला लाज वाटली. तुम्हाला कधी वाटणार? आषाढात त्या सावळ्याच्या पायी डोकं टेकवायला तासन्‌तास रांगेत उभे राहता, आणि तुळशीचं लग्न लागलं की गहू निवडावेत तशा पोरी निवडायला बसता! तिने काय शिकलं, काय कमावलं, हे त्या बाईंनी विचारलं नाही, तुम्हीही विचारत नाही. आरशात बघता का कधी? तुमच्या पोराला दाखवता का?

त्या आईंचा काल परत फोन आला. दिवसाउजेडी काढलेला फोटो हवाय म्हणे. नाही पाठवणार.