आकडे सरळ उभे करा!

हाउसिंग सोसायटीत ज्याच्या घरी कॉम्प्युटर असेल त्याने वार्षिक अहवाल करून द्यायचा, हा सहकार कायद्यात कुठेही नसलेला पण सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे. त्यात मी पोटापाण्यासाठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करतो. 'तुमचं काय, पाच मिनिटांचं काम' हे वाक्य कमिटीने ठरावासारखं एकमताने मंजूर करून टाकलं.

मजकूर लावला, ताळेबंद बसवला, १६ पानं काठोकाठ भरली आणि प्रूफ खजिनदार काकांकडे दिलं. काका बँकेतून निवृत्त. संध्याकाळी फूटपट्टी घेऊनच आले.

"हे आकडे हलतायत."

"कुठे, काका?"

"एककाखाली एकक आहे, मान्य. पण दशकापासून घसरगुंडी. लाखापर्यंत गेलं तर कोण कोणाच्या खाली उभं आहे, पत्ता नाही. ऑडिटर काय म्हणेल?"

काकांचं खरं होतं. त्या फॉन्टात १ सडपातळ आणि ६, ९ ऐसपैस. प्रत्येक आकड्याला त्याच्या अंगापुरतीच जागा. परिच्छेदात हे फार देखणं दिसतं, तक्त्यात मात्र रांग मोडते. एरियल, टाइम्स न्यू रोमनमध्ये इंग्रजी आकडे मुळातच एका मापाचे असतात. त्यामुळे एक्सेलमध्ये हयात घालवलेल्या माणसाला आकड्यांनाही अंगकाठी असते हे ठाऊकच नसतं. छपाईतल्या शिशाच्या खिळ्यांच्या काळातही आकडे बहुधा सारख्याच रुंदीचे ओतत, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा रकाना नीट बसावा म्हणून. आता ओपनटाइप नावाच्या प्रकारातल्या फॉन्टात दोन्ही तऱ्हा ठेवता येतात. 'टॅब्युलर' चालू केलं की सगळे आकडे संचलनातल्या पोरांसारखे सारखं अंतर ठेवून उभे राहतात.

मी तक्त्याला ते लावलं. काका खूश झाले. आणि खूश झालेला खजिनदार नाराज खजिनदारापेक्षा महाग पडतो.

"आता हेच सगळीकडे करा. एका अहवालात दोन न्याय नकोत."

केलं. आमच्या अहवालात १ फार. कलम ११, ठराव क्र. १११, दिनांक ११/११. प्रत्येक १ ला रुंद खोली मिळाली आणि तो मधोमध एकटाच उभा. ओळी फुगल्या. त्यात इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर ओळी तोडताना एकेक ओळ बघत नाही, अख्खा परिच्छेद एकदम तोलतं. डोनाल्ड कनुथ आणि मायकल प्लास या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीच्या धर्तीवरचंच हे काम. म्हणजे शेवटच्या ओळीत एखादा १ सुटावला, तर पहिल्या ओळीतलं 'सन्माननीय' खाली उतरू शकतं. तसंच झालं. शब्द एकमेकांना ढकलत निघाले आणि आभाराच्या दोन ओळी १७व्या पानावर जाऊन पडल्या. मधे पिना मारायच्या पुस्तिकेला पानं चारच्या पटीत लागतात. दोन ओळींच्या आभारापायी चार पानांचा खर्च! उरलेल्या जागेत स्वतःच्या कविता द्यायला अध्यक्ष तयार होते, म्हणून मी हा धोका तातडीने काकांच्या कानावर घातला.

"मग मधल्या स्पेस काढा की," काका म्हणाले. "हे बघा, ११ मध्ये केवढी फट आहे."

"ती स्पेस नाही काका, ती त्या १ चीच जागा आहे."

"सरका जरा." काकांनी कर्सर सिंकिंग फंडावर नेला आणि बॅकस्पेस दाबला. ११,४५,००० चे १,४५,००० झाले. दहा लाखांचा अपहार माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच खुर्चीत बसून! काका काही बोलले नाहीत, फक्त कळफलकापासून हात लांब घेतला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा प्रूफाचा कागद नाचवत आले. ओळी सरकल्यामुळे एका पानाचा शेवट झाला होता 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी रु. ७' असा. 'लाख' पुढच्या पानावर.

"सात रुपयांत वॉटरप्रूफिंग?" आजोबा म्हणाले. "तरीच गळतंय."

आकडा आणि 'लाख' यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस घालावी लागते, म्हणजे जोडी एकत्रच ओळ बदलते. ती मी घातली. 'रु.' आणि आकड्यामध्येही घातली. तक्त्यांपुरती वेगळी स्टाईल ठेवली आणि परिच्छेदातल्या आकड्यांना पुन्हा आपापल्या अंगाने बसू दिलं. पानं १६ वर आली. अध्यक्ष हिरमुसले, पण ते कार्यकारी मंडळ बघून घेईल.

काकांनी फूटपट्टी लावून प्रत्येक रकाना तपासला. लाखाखाली लाख, हजाराखाली हजार.

"आता कसं! फक्त एक करा. हा फॉन्ट जरा सरकारी वाटतो. भाचीच्या पत्रिकेतला घ्या ना, काय वळण आहे त्याला!"

घेतला. त्यात सारख्या रुंदीचे आकडे नव्हतेच. लग्नपत्रिकेत ताळेबंद छापतंय कोण?