ओढा वरून भरतो

परवा पुण्यातल्या मित्राचा फोन आला. "रविवारी पोरांना घेऊन लोणावळ्याला येतोय. इकडे तर चक्क ऊन पडलंय." म्हटलं, ये, जेवायलाच ये, पण पोरांना ओढ्यात उतरवू नकोस. तो हसला. म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल.

३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार लहान मुलं. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. (तो व्हिडिओ अजून फिरवत असाल तर कृपा करून थांबवा.) खाली कमेंट काय होत्या? 'हौस नडली', 'अतिउत्साही पर्यटक'. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. ती माणसं कड्यावर लोंबकळत नव्हती. उतरली तेव्हा पाणी बेताचंच होतं. मग वर पाऊस वाढला आणि लोंढा आला.

हे 'वर' शहरातल्या माणसाला दिसत नाही. आमच्याकडचा डोंगर म्हणजे काळा कातळ, त्यावर वीतभर माती. आषाढात ती माती आधीच पिऊन तट्ट झालेली असते. मग पठारावर पडलेली सर मुरणार कुठे? सगळी घळीतून खाली येते, मिनिटांत. तुम्ही उभे आहात तिथे थेंब नसतो. म्हणूनच हवामान खात्याच्या अंदाजात पुणे शहर वेगळं आणि पुण्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो. बघायचा तो घाटमाथ्याचा. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटात असा पाऊस पडू शकतो.

आमचं गाव पवन मावळात. मी नऊ वर्षांचा असताना चुलत्यांबरोबर ओढ्यात खेकडे धरत होतो. पाणी पोटरीएवढं, नितळ. काका एकदम ओरडले, "वर ये, आधी वर ये!" मला काही कळेना. मग दिसलं, पाण्याबरोबर पाचोळा यायला लागला होता, बारीक काटक्या, आणि रंग चहासारखा झाला होता. आम्ही काठ चढलो आणि मी उभा होतो तो दगड बुडाला. खेकड्यांची टोपली गेली. काकांनी मला तिथेच बसवलं आणि पाणी उतरेपर्यंत हलू दिलं नाही. आईसुद्धा भातलावणीवरून येताना ओढा भरलेला दिसला की अलीकडेच इरल्याखाली बसून राहायची. दोन दोन तास. घरी चूल पेटायची राहायची, पण ती पाण्यात पाय घालत नसे.

गुडघाभर पाण्याने काय होतंय, असं लोक विचारतात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो, आणि पायाखाली शेवाळ. पोहता येणं तिथे काही कामाचं नाही. पाणी गढूळलं, पालापाचोळा आला किंवा आवाज बदलला, की मोबाईल, चपला, पिशवी सगळं सोडून जवळच्या काठाला लागायचं. ज्या काठाला गाडी आहे त्या नव्हे, जो जवळ आहे त्या.

दुर्घटना झाली की बंदीचा आदेश निघतो. बंदीने माझं समाधान होत नाही. भुशीच्या पायऱ्यांवर पोलीस उभे राहिले की गर्दी मागच्या ओहळांकडे सरकते, आणि तिथे कोणीच नसतं. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चार जण गेले. तोही रविवारच होता. कुठे गर्दी होणार, कुठल्या दिवशी होणार, हे मावळातलं शेंबडं पोरही सांगेल.

मग माणूस वर का बसवत नाही? लोकांना शिव्या घालायला खाली नव्हे, ओढा जिथून भरतो त्या पठारावर. पाणी चढताना दिसलं की वायरलेसवर खाली सांगायचं, खालच्याने शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढायचं. जून ते सप्टेंबर, शनिवार-रविवार. अपघात झाला की दोर घेऊन आधी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं धावतात, गावातली पोरं धावतात. तीच पोरं दोन तास आधी वर असली तर?

आमच्या गावातले तिघे तयार आहेत. ओढा त्यांना पाठ आहे. त्यांना दिवसाची मजुरी, दोन वॉकीटॉकी आणि पठारावर पत्र्याची एक शेड हवी आहे. तसा अर्ज मी ग्रामपंचायतीत देतोय. मावळ-मुळशीत आणखी कोणी आपल्या ओढ्यासाठी देणार असेल तर इथेच सांगा, मजकूर पाठवतो.