राहुल बजाज काँग्रेसचे लाडके होते म्हणे. मग १९७६ च्या धाडी कुणी घातल्या?

बजाज ऑटोचे उद्योगपती राहुल बजाज यांच्यावरचा तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर तो आत्याने टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे आपल्याला कधी कुणी सांगितलंच नाही.’ आत्या उठसूट फॉरवर्ड करणारी बाई नाही. तिलाही हे खरं वाटलं, म्हणून मला राहवलं नाही. मेसेजचा मथितार्थ असा : गांधी-नेहरूंनी बजाजांना कारखाना काढून दिला, काँग्रेसने लायसन्स देऊन पोसलं, राज्यसभेवर पाठवलं, आणि त्या उपकाराची फेड म्हणून २०१९ मध्ये ते अमित शहांसमोर सरकारविरुद्ध बोलले.

कारखान्याचं आधी उरकू. आजोबा जमनालाल बजाज गेले फेब्रुवारी १९४२ मध्ये. बजाज ऑटोची मूळ कंपनी, बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, निघाली १९४५ मध्ये. स्कूटर बनवायचं लायसन्स मिळालं १९५९ मध्ये, तोवर गांधीजींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि पैसा जात होता तो बजाजांकडून चळवळीकडे. जमनालालजी काँग्रेसचे खजिनदार होते, सेवाग्रामची जमीन त्यांनी दिलेली, ‘रायबहादूर’ किताब त्यांनी असहकाराच्या काळात सरकारला परत केलेला.

‘राहुल’ हे नाव नेहरूंनी ठेवलं, हे मात्र खरं आहे. राहुल बजाज स्वतःच ते सांगायचे. बारशाच्या नावावर कारखाने चालत नाहीत, एवढंच म्हणतो.

आता ‘काँग्रेसने पोसलं’. हा मुद्दा वाचून खरंच संताप येतो. वडील कमलनयन बजाज वर्ध्याचे काँग्रेस खासदार होते, पण काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीत ते इंदिरा गांधींच्या विरोधातल्या गटाकडे गेले. १९७१ मध्ये वेस्पा स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओबरोबरचा करार संपला आणि इंदिराजींच्या सरकारने तो वाढवू दिला नाही. वेस्पा हे नाव गेलं, मग चेतक आली. मे १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, बजाज समूहाच्या कचेऱ्या, कारखाने आणि घरं यांवर प्राप्तिकर खात्याच्या एकाच वेळी धाडी पडल्या. मुकंद कंपनीतले त्यांचे भागीदार वीरेन शहा आणीबाणीविरोधात स्फोटांचा कट केल्याच्या आरोपाच्या, म्हणजे बडोदा डायनामाइट प्रकरणात जॉर्ज फर्नांडिसांबरोबर तुरुंगात होते. तेच पुढे भाजपचे नेते आणि पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. लाडक्यांचे असे लाड कोणता पक्ष करतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

लायसन्सचं म्हणाल तर त्या कागदावर वर्षाला किती स्कूटर बनवायच्या तो आकडा असायचा. त्याहून जास्त बनवणं हा गुन्हा. आकुर्डीच्या कारखान्यात जास्त गाड्या काढायची तयारी होती आणि बाहेर लोक नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबले होते. हातात चेतक आलेला माणूस तीच गाडी दुसऱ्या दिवशी ‘ऑन’, म्हणजे किमतीवर जादा पैसे घेऊन विकू शकत होता. ते वरचे पैसे कंपनीच्या खिशात जात नव्हते. जास्त उत्पादन केलं म्हणून तुरुंगात जावं लागलं तर जाईन, असं राहुल बजाज उघडपणे म्हणायचे.

राज्यसभेबद्दल तर सरळसरळ खोटं लिहिलंय. प्रमोद महाजन यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर २००६ मध्ये राहुल बजाज अपक्ष म्हणून निवडून आले. पाठिंबा भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादीचा. हरला तो काँग्रेसचा उमेदवार! राज्यसभेच्या नोंदीत ते अपक्ष म्हणूनच आहेत, कुणीही पाहावं.

राहिलं २०१९ चं भाषण. ३० नोव्हेंबरच्या त्या मुंबईतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ उपलब्ध आहे. आत्याला तोच पाठवला, कारण यापुढे माझ्या शब्दाची गरजच नाही. समोर शहा, निर्मला सीतारामन आणि पीयूष गोयल बसलेत. यूपीएच्या, म्हणजे काँग्रेस आघाडीच्या सरकारच्या काळात आम्ही कुणालाही शिव्या देऊ शकत होतो, असं राहुल बजाज म्हणतात. तुम्ही चांगलं काम करताय, असंही म्हणतात. आणि तरीही उघड टीका केली तर तुम्हाला ती रुचेल याचा भरवसा वाटत नाही, हे तोंडावर सांगतात. माझं नाव जवाहरलालजींनी ठेवलं, हेही तिथेच सांगतात. शहांनी उत्तर दिलं की घाबरायचं कारण नाही, पण तुम्ही म्हणता तसं वातावरण असेल तर ते सुधारायचा प्रयत्न करावा लागेल. शहांनीसुद्धा या माणसाला कुणाचा हस्तक म्हटलं नाही. एक्क्याऐंशी वर्षांचा उद्योजक सरकारला समोरासमोर प्रश्न विचारतो आणि त्याला असे मेसेज लिहून विकलेला ठरवलं जातं, तेव्हा पुढच्या माणसाने तोंड उघडू नये हाच त्यातला हेतू असतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती नाइलाजाने का होईना मान्य करतो. बंद बाजाराचा बजाजांना फायदा झालाच. गिऱ्हाईक दहा वर्षं थांबायला तयार असताना गाडी सुधारायची घाई कुणाला असते? आणि बाजार खुला झाल्यावर, १९९३ मध्ये, परदेशी कंपन्यांशी लढायला समान संधी द्या म्हणणाऱ्या ‘बॉम्बे क्लब’चा ठळक चेहरा तेच होते. त्यावर तेव्हाही लोकांनी त्यांना धारेवर धरलं होतं, आजही धरावं, मी आडवा येणार नाही.